जहाजाचा निरोप समारंभ

काका डाव्या हाताचा तळवा उघडा धरायचे, त्यावर उजव्या हाताची मूठ एकदा टेकवायचे आणि मग तीच मूठ समोर जे काही असेल त्यावर आपटायचे. तळवा म्हणजे शाईचं पॅड, मूठ म्हणजे शिक्का. वर म्हणायचे, "नोंद झाली." हा शिक्का टेबलावर, गाडीच्या डॅशबोर्डवर, माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणि एकदा डॉक्टरांच्या वजनकाट्यावरही बसला होता. त्यानंतर तो काटा दोन किलो जास्त दाखवायला लागला असं काका म्हणायचे, पण ते दोन किलो माझ्या चकल्यांचे होते.

रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत जन्मभर आस्थापना शाखेत हेडक्लार्क होते. म्हणजे इतरांच्या नेमणुका, बदल्या, रजा, निवृत्त्या यांचे कागद करायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नोकरी सुटते, पण शेरे मारायची सवय सुटत नाही. आयर्लंडच्या उन्हाविषयी त्यांचा शेरा होता, "पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहण्याची सवय." पावसाविषयी, "नियमित. दर्जा सुमार." माझ्या पोळीविषयी, "कष्टाळू. गोलाईबाबत सुधारणेस वाव." मी नागपूरची बाई आहे, ऐकून घेणारी नाही. मी म्हटलं, "काका, पोळी खायची आहे की तिची बढती अडवायची आहे?" त्यांनी शांतपणे दुसरी पोळी घेतली आणि ओट्यावर मूठ मारली.

आयर्लंडमधल्या एनिस गावात आमच्या समोरच्या घरात त्यांचा मुलगा आणि सून राहतात. सून हॉस्पिटलात, मुलगा शॅननला एका कंपनीत. काका दर उन्हाळ्यात तीन महिने यायचे. घरात दिवसभर एकटे, म्हणून पुढच्या भिंतीशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे एकदम मजेत, असं म्हणायचे. मी घरून फराळाच्या ऑर्डरी करते. डबे गाडीत ठेवायला बाहेर आले की विचारायचे, "कुठे निघालात ताई?" आणि मी उत्तर देईपर्यंत सीटबेल्ट लावून बसलेले असायचे.

असंच एकदा खाडीकाठच्या एका गावात पुरणपोळ्या द्यायला गेलो होतो. ओहोटी लागली होती. चिखलातून काळ्या लाकडांची एक रांग वर आली होती. मला वाटलं, कोणीतरी कुंपण घालायला घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं.

"गाडी थांबवा," काका म्हणाले. "बरगड्या आहेत."

"कोणाच्या?"

"जहाजाच्या हो. नागपूरला काय शिकवतात?"

नागपूरला अंबाझरी तलाव आहे आणि आमचं तेवढ्यावर भागतं, हे मी सांगेपर्यंत ते काठावर पोचलेसुद्धा. तिथे टोपी घातलेला एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता. त्याचं नाव डोनल. गावाच्या इतिहास मंडळाचा तो अध्यक्ष, सचिव आणि बहुधा एकुलता एक सभासद. त्याने सांगितलं की हे अठराव्या शतकातलं लढाऊ जहाज आहे, इंग्रजांच्या आरमाराचं. इतकी वर्षं त्याला याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. काकांनी पहिलाच प्रश्न केला, "नेमणूक कधीची?"

त्यानंतर आमच्या दर आठवड्याला फेऱ्या सुरू झाल्या. डोनल इकडून तिकडून माहिती जमवायचा, काका तिची फोड करायचे. जहाजाचं नाव मी सांगत नाही, कारण काकांनी ते कधी घेतलं नाही. ते 'सदर कर्मचारी' म्हणायचे. डोनल जहाजाला बाईसारखं 'ती' म्हणतो हे कळल्यावर 'सदर महिला कर्मचारी'.

परतीच्या वाटेवर तिची सगळी नोकरी मला ऐकावी लागे. "ताई, रुजू झाली इंग्लंडच्या गोदीत. ओकचं लाकूड, बत्तीस तोफा. म्हणजे क्लास वन नाही, शिपाई पण नाही, आमच्यासारखी मधली. पहिलं काम बंदोबस्त ड्यूटी. व्यापारी गलबतांच्या पुढेमागे फिरायचं. मग मधली काही वर्षं कळत नाहीत. मग बदली वेस्ट इंडीजला. तिथे तापाने निम्मी माणसं गेली, पण ही हजर. वादळात दोन डोलकाठ्या मोडल्या, म्हणून गोदीत वैद्यकीय रजा. बुडाला किडा लागला, तर तांब्याचे पत्रे ठोकून पुन्हा कामावर. आणि शत्रूचं एक जहाज धरून आणलं. त्याची बढती कोणाला मिळाली, सांगा?"

"तिला?"

"कप्तानाला हो. त्याला बढती, मेजवानी, तसबीर. हिला रंगाचा एक हात." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी नोकरीभर हेच पाहिलं."

पुढचं ऐकताना तर मलाही वाईट वाटायला लागलं होतं. वय झाल्यावर तिच्या तोफा काढून घेतल्या आणि तिला सैनिकांची ने-आण करायला लावलं. काकांच्या भाषेत साइड पोस्टिंग. शेवटी या खाडीत आणून डोलकाठ्या उतरवल्या आणि बांधून ठेवली. किनाऱ्यावरच्या तरुण माणसांना धरून जबरदस्तीने आरमारात भरती करायचे, त्यांना कोंडायचं कोठार म्हणून. त्यात याच गावचे कोळी असायचे. डोनलच्या घराण्यातलाही एक होता. म्हणून गावाला तिचं काही प्रेम नव्हतं. ती निकामी झाल्यावर लोकांनी लाकूड उचलून नेलं. डोनलच्या स्वयंपाकघरातलं कपाट तिच्याच फळ्यांचं आहे. उरलं ते चिखलात.

"एवढी सर्व्हिस," काका म्हणाले, "आणि निरोप समारंभ नाही. शाल नाही, श्रीफळ नाही. कोणी दोन शब्द बोललं नाही."

"जहाज आहे काका ते."

"म्हणून काय झालं?"

त्या दिवशी त्यांनी स्वतःचं सांगितलं. ऑफिसातला प्रत्येक निरोप समारंभ तेच करायचे. शाल तेच निवडायचे, नारळ हलवून तेच बघायचे, आणि साहेब जे भाषण करत तेही तेच लिहून द्यायचे. शिपायालासुद्धा मोकळ्या हाताने घरी जाऊ दिलं नाही. आणि त्यांची स्वतःची निवृत्ती आली नेमकी लॉकडाऊनमध्ये. ते ऑफिसात, बाकी सगळे आपापल्या घरी, म्हणून समारंभ ऑनलाइन झाला. साहेब बोलायला लागले आणि म्यूटवर होते.

"मग कोणी सांगितलं नाही?"

"साहेबांना? सांगणार कोण? पाच-सात मिनिटं बोलले. ओठ हलत होते. शेवटी हात जोडले, म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या."

मला हसू आवरेना. तेही हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "काय बोलले असतील हो? माझ्या वेळचं भाषण मी लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे मला ठाऊक नाही."

"मागून फोन करून विचारायचं ना."

"माझं काय कौतुक केलंत, असं विचारायचं? भीक मागितल्यासारखं होतं ते." मग जरा वेळाने, "चांगलंच बोलले असतील." त्यांनी सवयीने तळवा उघडला, मूठ उचलली आणि तशीच मांडीवर ठेवून दिली. गाडी पार एनिसला पोचली तरी नोंद झाली नाही.

तर निरोप समारंभ ठरला. दिवस काकांनी काढला, नारळी पौर्णिमा. त्यांच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ देतात. शिवाय पौर्णिमेला ओहोटी मोठी लागते, दुपारी बरगड्या पूर्ण उघड्या पडतील, म्हणजे सत्कारमूर्ती मंचावर दिसेल. मुलाच्या मागे लागून त्यांनी लिमरिकहून नारळ आणवला. शाल भारतातून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून मागवली. मला नारळीभाताची ऑर्डर मिळाली. बिल कोणाला लावायचं हे मी विचारलं नाही.

फक्त एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना, ती मधली काही वर्षं. "सेवेत खंड आहे ताई. खंड असताना निवृत्तीचे कागद पुढे जातच नाहीत. कुठे होती ही बाई?" डोनलच्या मागे असा तगादा लावला की बिचाऱ्याने लंडनच्या कुठल्याशा संग्रहालयातल्या माणसाला फोन केला. आणि पुढच्या आठवड्यात तो काठावर हात हलवत, आनंदाने लाल होऊन आमची वाट बघत उभा होता.

"ती तुमच्याकडे होती," तो काकांना म्हणाला. "हिंदुस्थानात. तुमच्या पश्चिम किनाऱ्यावर. एका किल्ल्यावर तोफा डागल्या तिने, खाडीतली सगळी गलबतं जाळली." त्याला वाटलं होतं, आपण पाहुण्याला केवढी भेट देतोय.

 काकांनी कुठला किल्ला, एवढंच विचारलं. ते डोनलला सांगता आलं नाही.  घरी येईपर्यंत गाडीत मीच आपली काहीतरी बोलायचं म्हणून वायपरला नावं ठेवत होते.

चार दिवस भिंतीशी आले नाहीत. सून म्हणाली, बाबा जेवत नाहीत नीट, जहाजावर रागावलेत. लोक सुनेवर रागावतात, जावयावर रागावतात. पण रागावलेल्या माणसाला समजवायचं तर ज्याच्यावर राग आहे त्याला पुढे करता येतं. इथे कोणाला पुढे करणार?

पाचव्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्वयंपाकघरात आले. "खातेनिहाय चौकशी करावी लागेल," म्हणाले. ते स्वतः चौकशी अधिकारी. माझा नवरा आरोप मांडणार. मी जहाजाच्या बाजूने बोलणार. नवऱ्याची त्या वेळी खरी ऑफिसची मीटिंग चालू होती, पण काकांसमोर ती लटकी ठरली.

नवऱ्याने लॅपटॉपवर एक डोळा ठेवून आरोप वाचला की सदर कर्मचाऱ्याने कोकणच्या किल्ल्यावर गोळे टाकले. मी उभी राहिले. म्हटलं, जहाजाला काय कळतं? वारा नेईल तिकडे जाणार, कप्तान सांगेल तिथे तोफा डागणार. तिने थोडंच ठरवलं होतं? वरून आदेश होता.

"सगळे हेच सांगतात ताई," काका म्हणाले. "नोकरीभर ऐकलं. वरून आदेश होता."

तो मुद्दा मी सोडला. मग म्हटलं, "बरं, मग डोनलच्या घराण्यातल्या माणसाला कोंडून ठेवलं तिने. तरी डोनल तिच्याच फळ्यांच्या कपाटात साखर ठेवतो. त्याने काय करायचं? जाळायचं ते कपाट?"

काकांनी खांद्यावरच्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं. नवऱ्याच्या लॅपटॉपमधून कोणीतरी त्याला प्रश्न विचारत होतं, पण तो काकांकडेच बघत होता. शेवटी काकांनी निकाल सांगितला. "श्रीफळ द्यावं. शाल देऊ नये."

"म्हणजे?"

"नारळ समुद्राचा. तो तसाही द्यायचाच असतो. शाल सन्मानाची. प्रतिकूल शेरा असताना शाल देता येत नाही." आणि ओट्यावर अशी मूठ मारली की नवऱ्याच्या मीटिंगमधल्या लोकांनी विचारलं, काय पडलं?

पौर्णिमेला आम्ही पोचलो तेव्हा मला वाटलं चुकीच्या ठिकाणी आलो. काठावर तीसेक माणसं. घडीची टेबलं, किटल्या, सँडविचेस. चर्चमधून आणलेल्या खुर्च्या. डोनलने गावात सांगितलं होतं की आपला तो भारतीय माणूस पौर्णिमेला रिटायरमेंटचा कार्यक्रम करतोय. आता जहाजाचा रिटायरमेंटचा कार्यक्रम असतो हे जगात कोणाच्या डोक्यात येईल? गावाने सरळ अर्थ लावला. डोनलच्या बहिणीने केक केला होता आणि त्यावर काकांचं नाव.

काकांनी केक बघितला, जहाज बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, यांना सांगा, सत्कारमूर्ती ती आहे."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

त्यांनी आधी सरकारी काम उरकायचं ठरवलं. नारळाला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि कोकणी ताकदीने तो जहाजाच्या दिशेने फेकला. आणि तो धप्पकन चिखलात रुतला. पाणी होतं कुठे? बरगड्या दिसाव्यात म्हणून ओहोटी निवडली होती. नारळ वाहून जायला पाणी लागतं हे कोकणातल्या माणसाला मी नागपूरच्या बाईने सांगायचं का? सगळे त्या नारळाकडे बघत उभे राहिले. कुत्रा तेवढा आणायला निघाला, त्याला डोनलने धरलं.

"थांबू," काका म्हणाले. "साहेब उशिराच येतात. पाणी येईल."

तर पाण्याची वाट बघता बघता भाषणं सुरू झाली. एकेक जण उठून काकांबद्दल बोलला, ज्यांना काका ठाऊक नव्हते तेसुद्धा. दुकानदार म्हणाला, हा माणूस दुकानात येऊन दर वेळी 'ग्रँड' म्हणतो आणि काही घेत नाही. पोस्टातली बाई म्हणाली, आयुष्यभर काम करून घरी जाणारा माणूस कुठलाही असो, चहा मिळाला पाहिजे. डोनल म्हणाला, "आठ आठवडे ओळखतो मी याला. मला कधी विचारलं नाही की बाबा तू कसा आहेस. जहाजाच्या सुताराला सुटी मिळायची का, हे मात्र सहा वेळा विचारलं. पण जन्मभर मी जे सांगत होतो ते ऐकायला कोणीतरी आलं." आणि त्याने टोपी काढली.

काकांना सगळं इंग्रजी कळत होतं असं नाही. पण आवाज येत होता. ते मान पुढे करून, हात गुडघ्यावर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते.

शाल माझ्या गाडीत होती. विकत घेतलेली वस्तू घरी कशाला ठेवायची म्हणून त्यांनीच आणलेली. मी ती आणली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. "हे नियमात बसत नाही ताई," ते म्हणाले. "मी बघते नियमाचं," मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोनलच्या बहिणीने शालीला हात लावून लोकर कुठली म्हणून विचारलं. नारळीभात दहा मिनिटांत संपला.

चहाची तिसरी किटली चालू असताना पाणी आलं. आधी चिखलात चमकलं, मग बरगड्यांत शिरलं, आणि मग नारळ हलला. एका बरगडीला टेकला, सुटला आणि खाडीत निघून गेला. काका उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. घरी जाताना गाडीत हीटर चालू होता तरी त्यांनी शाल काढली नाही. मला घाम फुटला होता, पण मी काच खाली केली नाही.

सप्टेंबरात काका परत गेले. जानेवारीत रत्नागिरीला झोपेतच गेले. मुलगा धावत गेला, सगळं करून आला. समोरच्या भिंतीशी आता कोणी उभं नसतं. डबे गाडीत ठेवताना मी अजूनही एक क्षण थांबते आणि मग स्वतःवरच चिडते.

त्यांच्या ऑफिसच्या लोकांनी ऑनलाइन शोकसभा ठेवली. मुलाने मलाही बोलावलं. मी ओट्यावर फोन उभा करून, कणीक मळलेल्या हातांनी बसले. दोघंतिघं बोलले. मग साहेब बोलायला लागले. तेच साहेब, आता तेही निवृत्त झालेले. चष्मा लावला, कागद धरला, ओठ हलायला लागले आणि आवाज नाही.

मी वाट पाहिली. पडद्यावर पंचवीस चेहरे, सगळे गंभीर, सगळे माना डोलावतायत. एकाने डोळे पुसले. काय ऐकून पुसले, देव जाणे. साहेबांनी कागद उलटला. मी कोपराने बटण दाबलं.

"साहेब, तुम्ही म्यूटवर आहात. आवाज चालू करा आणि पहिल्यापासून बोला."

सगळे चेहरे एकदम माझ्या चौकोनाकडे वळल्यासारखे वाटले. ही कोण बाई? साहेब गडबडले, कोणीतरी त्यांच्या बाजूने येऊन बटण शोधलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि कागद पुन्हा पहिल्या बाजूला केला.

"यांच्या निरोप समारंभात जे बोललो होतो, तेच आज वाचतो," साहेब म्हणाले. "माझी सगळी भाषणं यांनी लिहिली. हे एकच मला स्वतः लिहावं लागतंय, त्यामुळे चुकेल. या माणसाने आमच्या कचेरीतून कोणालाही मोकळ्या हाताने घरी जाऊ दिलं नाही. आज हा मात्र डबा आणि पाण्याची बाटली घेऊन घरी जाणार आहे. याची शाल माझ्याकडे राहिली, याची मला लाज वाटते."

शाल मिळाली साहेब, असं मला सांगायचं होतं. ते पुढे बरंच बोलले, आणि मी शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकलं. मग डावा तळवा उघडला, त्यावर मूठ टेकवली आणि ओट्यावर मारली. नोंद झाली, काका. चांगलंच बोलले.